टाचदुखी: एक्सरेतलं टोक सोडा, पोटरी धरा, आणि सुई घ्यायचीच असंल तर हे विचारून घ्या

एक्सरे लाईटीवर धरून डॉक्टर म्हणले, "हे बघा मॅडम, हाड वाढलंय." टाचेच्या खाली पुढच्या बाजूला चोचीसारखं एक टोक आलेलं. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं की हे टोकच आतून मासात टोचायलंय, म्हणून तर सकाळी पहिलं पाऊल टाकता येत नाही आणि भिंत धरून बाथरूमपर्यंत जावं लागतंय. घरी आले तर आत्यांनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की सुनंचं हाड वाढलंय, आता कापावं लागतंय. पुढचं दीड वर्ष मी त्या टोकाच्याच मागं लागले. आज टाच जवळजवळ बरी आहे, आणि ते टोक एक्सरेत जसंच्या तसं आहे.

मी डॉक्टर नाही, अहमदपूर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर मास्तरीण आहे, वय ४७. पण माझ्या शाळेतल्या दोन मॅडम, आमचे भाऊजी, शेजारच्या काकू, जो तो "तुम्ही काय केलं वो" विचारायलाय, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून घसा बसला, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी टाच नीट ओळखा

ज्याला आपण टाचदुखी म्हणतो त्यातली बहुतेक प्लांटर फॅसायटिस असते. तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड चिवट पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पाऊल उचलताना बोटं वर वाकली की हा पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान उचलली जाते, विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळत गेला की बादली वर येते ना, अगदी तसं. १९५४ साली हिक्स यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं आणि इंग्रजीत त्याला नावही रहाटाचंच पडलं. दिवसातून हजारो वेळा हा रहाट फिरतो. पट्टा टाचेला जिथं चिकटतो तिथं तो झिजतो, जाड होतो आणि दुखायला लागतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडून बसतो, आणि सकाळी आपण एकदम सगळं वजन टाकतो, म्हणून पहिली पाच दहा पावलं जीव घेतात आणि मग जरा सैल होतं. दुपारी बसून उठलं की परत तेच.

अंगठ्यानं दाबून बघा. टाचेच्या खाली, आतल्या बाजूला, जिथं कमान सुरू होते तिथं एका ठिकाणी दाबल्यावर "आई गं" झालं तर बहुधा हेच. एक्सरेतलं टोक असलं काय नि नसलं काय, त्यावर ठरत नाही. ज्यांची टाच जन्मात दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्सरेत हे टोक सापडतं. एक्सरेपेक्षा सोनोग्राफी बरी, तिच्यात पट्टा किती जाड झाला ते दिसतं. साधारण ४ मिलिमीटरच्या वर जाडी गेली की पट्टा आजारी आहे असं समजतात.

पण दुखणं दुसरं असू शकतं, आणि इथं चूक झाली तर पुढं कितीही भारी सुई घ्या, उपयोग नाही. टाचेच्या मागं, वरच्या जाड शिरेपाशी दुखत असंल तर ते अकिलिसचं, त्याची ट्रीटमेंट वेगळी. टाचेच्या बरोबर मधोमध, दगडावर पाय पडल्यासारखं दुखत असंल आणि वय झालेलं असंल तर टाचेची गादी पातळ झालेली असू शकते, तिथं स्टिरॉइडची सुई घेतली तर ती गादी अजूनच पातळ होते. आमच्या गावातली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर मारत असतात, तेही डांबरी रोडवर आणि फाटक्या बुटात. त्यातल्या कुणाची टाच दोन्ही बाजूंनी हातानं आवळल्यावर कळ येत असंल तर हाडाला बारीक चीर असू शकते, तिला मालिश नाही, विश्रांती लागते. आठ ते चौदा वर्षांचं लेकरू खेळून आल्यावर टाच धरून बसत असंल तर ते वाढत्या हाडाचं दुखणं असतं, त्याला सुईबिई काही नको, थोडे दिवस खेळ कमी केला की बसतं.

अजून एक, माझा भाचा २४ वर्षांचा, अभ्यासिकेत बसून बसून. दोन्ही टाचा दुखायच्या आणि सकाळी कंबर अर्धा पाऊण तास आखडलेली. सगळे म्हणायले बसून बसून झालं. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, एमआरआय केला तेव्हा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात निघाला. तेव्हा तरुण वय, दोन्ही टाचा आणि सकाळची आखडलेली कंबर एकत्र दिसली तर टाचेच्या नादी लागू नका, संधिवातवाल्याकडं जा. आणि टाचेला मुंग्या, जळजळ, बधिरपणा असंल तर नस दबलेली असंल किंवा शुगर असंल. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, लाल सूज, हे तर घरी बसून बघायचंच नाही.

सुईच्या आधीचे सहा महिने

हे वाचून तुम्ही म्हणाल की ही बाई सुईचं सांगायला बसली आणि व्यायामच सांगायली. पण दहातले आठ नऊ जण दहा बारा महिन्यांत सुईशिवायच बरे होतात, फक्त नीट आणि रोज करावं लागतं, आणि आपलं तिथंच घोडं अडतं. मी पहिल्यांदा फिजिओच्या कागदावरचे व्यायाम चार दिवस केले, मग परीक्षा आल्या, मग लग्नसराई, आणि डॉक्टरला जाऊन सांगितलं की व्यायामानं फरक नाही. खोटं सांगितलं. आणि त्या खोट्यावर मला सुई मिळाली.

तर खरं करायचं ते असं. अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, हातानं सगळी बोटं धरून नडगीकडं ओढायची, तळपायात दोरीसारखा पट्टा ताणलेला दुसऱ्या हाताला लागला पाहिजे. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली वेळ अंथरुणातच, ही सगळ्यात महत्त्वाची. मग भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, दुखरा पाय मागं, टाच जमिनीला टेकलेली, ३० सेकंद, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून, तीन तीन वेळा. पोटरी आखडलेली असली की सगळा ताण खाली पट्ट्यावर येतो.

आणि तिसरा व्यायाम, मला सगळ्यात जास्त आराम यानंच दिला. पायरीवर उभं राहायचं, टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, टाच पायरीच्या बाहेर, कठड्याला धरायचं आणि एका पायावर हळूहळू वर उठायचं, तीन सेकंद वर जायला, दोन सेकंद वरच थांबायचं, तीन सेकंद खाली यायला. सुरुवातीला १२ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. रोज नाही, पट्ट्याला भरून यायला मधे दिवस लागतो. दोन आठवड्यांनी जमायला लागलं की पाठीवर दप्तर घ्यायचं पुस्तकं भरून, वजन वाढवायचं आणि आकडा दहावर आणायचा, मग अजून वजन, मग आठवर. डेन्मार्कच्या फिजिओंनी २०१४ साली हे ४८ पेशंटवर करून बघितलं होतं, तीन महिन्यांनी हे करणाऱ्यांना नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. एका पायावर जमत नसंल तर दोन्ही पायांवर सुरू करा, पण करा. थोडं दुखणारच, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर मात्र वजन कमी करायचं.

आता चप्पल. आमच्या वर्गात चपला बाहेर काढून यायची शिस्त, पोरं पण आणि आम्ही पण, आणि खाली शहाबादी फरशी. सहा तास अनवाणी फरशीवर उभं राहणं, त्यात मी नवरात्रात नऊ दिवस पायात चप्पल घालत नव्हते आणि कोजागिरीला लातूरहून तुळजापूरला चालत गेले होते, परत आल्यावरच तर हे सगळं सुरू झालं. देवीला मी दोष देत नाही, तिनं काय सांगितलं होतं अनवाणी ये म्हणून. आता मी वर्गात घालायची वेगळी मऊ चप्पल ठेवते, टाचेखाली जरा उंच आणि कमानीला आधार असलेली. हेडमास्तर पहिल्यांदा तोंड वाकडं करायले, मग त्यांचीच टाच दुखायला लागली. घरातसुद्धा स्वयंपाक करताना पायात काहीतरी पाहिजे. सपाट पातळ स्लीपर म्हणजे अनवाणीच समजा. पाण्याची बाटली फ्रीजरमधे गोठवून तळपायाखाली दहा पंधरा मिनिटं फिरवायची, दिवसभर उभं राहून आल्यावर लई बरं वाटतं. वजन जास्त असंल तर ते थोडंजरी उतरलं तरी टाचेला कळतं, हे मला सांगायला जड जातंय कारण माझंच उतरत नाही.

घरच्या उपायांचं एक सांगते, भांडण नको. वीट तापवून तिच्यावर रुईची पानं ठेवून टाच शेकायची, आत्यांचा हा उपाय, मीही केला, बरं वाटतं थोडा वेळ. पण ज्याला शुगर आहे त्यानं चुकून करू नये. पायाला भाजलेलं कळतच नाही आणि फोड आला की ती जखम महिनोन् महिने भरत नाही. बिब्बा तर कुणीच लावू नका, शुगर असो नसो, कातडी जाळतो तो. आयुर्वेदात याला वातकंटक म्हणतात आणि अग्निकर्म म्हणून चटके देतात, ते करायचंच असंल तर शिकलेल्या वैद्याकडं, आणि शुगरवाल्यांनी तिथंही आधी सांगायचं. गावात डाग देणाऱ्याकडं नाही.

आता सुई

सहा महिने खरोखर केलं, चप्पल बदलली, तरी सकाळ तशीच, मग पुढच्या गोष्टी. यातलं काहीच भूल देऊन मोठं कापाकापीचं नाही, बहुतेकांत त्याच दिवशी चालत घरी येता येतं.

सगळ्यात आधी आपल्याकडं जे मिळतं ते स्टिरॉइडचं इंजेक्शन. मला पहिल्या डॉक्टरांनी एका वर्षात तीन दिले, तेही सोनोग्राफी न लावता, हातानं चाचपून, सरळ तळव्यातून. पहिल्यानं जादू झाली, महिनाभर मी पळायले. दुसऱ्यानं तीन आठवडे. तिसऱ्यानं काहीच नाही, उलट टाचेखाली उभं राहिल्यावर हाड लागायला लागलं. नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं की स्टिरॉइडचा आराम बहुतेक महिनाभराचा, फार तर तीन महिन्यांचा, वर्षभरानं बघितलं तर घेणारा आणि न घेणारा जवळपास सारखेच. आणि वारंवार घेतलं तर दोन धोके, टाचेची गादी पातळ होते आणि पट्टा तुटूसुद्धा शकतो. तुटला की कटकन आवाज येतो, तळव्यात निळं पडतं, कमान बसते. म्हणजे स्टिरॉइड घ्यायचंच नाही असं नाही, घरात लग्न आहे, पाय टेकवत नाही, एवढा महिना निभवायचा आहे आणि या महिन्यात मी व्यायाम लावून घेते असं ठरवून एक घेतलं तर ठीक. पण सोनोग्राफीत बघून द्या म्हणायचं, सुई टाचेच्या आतल्या बाजूनं गेलेली बरी, आणि आतापर्यंत किती झाले ते लिहून ठेवायचं, कारण नवीन डॉक्टरला आपण सांगत नाही. शुगरवाल्यांची शुगर पुढचे काही दिवस वर चढते, तेव्हा घरी मशीनवर बघत राहायचं. सुईनंतर दुखत नाही म्हणून लगेच शेतात किंवा जिममधे उड्या मारायच्या नाहीत, दोन आठवडे तरी जपायचं.

दुसरी शॉकवेव्ह, जी मी केली. नाव ऐकून आमचे हे म्हणले, करंट देतात का काय. करंट नसतो. मुतखडा बाहेरून लाटा मारून फोडतात ना, १९८० साली म्युनिकला पहिल्या पेशंटवर केलं होतं ते, त्याच मशीनची ही धाकटी बहीण. अमेरिकेच्या एफडीएनं २००० साली टाचेसाठी मान्यता दिली. पण इथंही तोच घोटाळा होतो, लोकांना वाटतं खडा फोडतात तसं वाढलेलं हाड फोडतात. नाही फोडत. त्या लाटांनी जुन्या दुखण्याला जरा चेव येतो, तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि अर्धवट सोडून दिलेली दुरुस्ती शरीर परत हातात घेतं, असं साधारण समजायचं. काही मशीनमधे लाट आत एका बिंदूवर जमवतात, तिला फोकस्ड म्हणतात. काहींमधे कॉम्प्रेसरच्या हवेनं नळीतली छोटी गोळी टोकावर आदळते आणि लाट वरून पसरत जाते, ती रेडियल. टाचेसाठी दोन्ही वापरतात. एक ध्यानात ठेवा, पायाला चिकटपट्ट्या लावून नुसत्या मुंग्या आणणारं मशीन म्हणजे टेन्स, ते शॉकवेव्ह नाही, आणि जेल लावून गुळगुळीत फिरवायचं अल्ट्रासाउंड पण नाही. शॉकवेव्हचे पैसे घेऊन कुणी हे करत असंल तर विचारा.

माझं असं झालं, लातूरला आठवड्यातून एकदा, असे चार आठवडे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी धरायची, अर्ध्या तिकिटात, २०२३ पासून बायकांना अर्धं झालं त्याचा मला खरा उपयोग तेव्हाच झाला. पालथं झोपवलं, मी अंगठ्यानं दाखवलं तिथंच पेनानं खूण केली, सोनोग्राफीसारखं जेल लावलं आणि बंदुकीसारखं ते टोक टेकवून टक टक टक टक सुरू. शिलाई मशीन एकदम जोरात चालवल्यासारखा आवाज. साधारण दोन हजार ठोके, दहा पंधरा मिनिटं. दुखतं, खोटं सांगणार नाही, पहिले दोनशे ठोके तर मी उशी चावली. पण बधिर करायचं इंजेक्शन मागू नका, नेमकी जागा कुठं दुखते हे पेशंटनं सांगितलं पाहिजे आणि बधिर केल्यावर परिणाम कमी होतो असंही दिसलंय. त्यांनी जोर हळूहळू वाढवला. त्या दिवशी चालत घरी आले, दोन दिवस ठणकलं, पॅरासिटामॉल घेतली. सूज उतरवणाऱ्या पेनकिलर आणि बर्फ दोन्ही त्या काळात नको म्हणले, कारण मुद्दाम चेतवलेलं आपणच विझवायचं कशाला.

आणि इथं लोकं हिंमत सोडतात. चार आठवडे झाले, पैसे गेले, सकाळ तशीच. मी ह्यांना म्हणले बुडाले पैसे. सहाव्या सातव्या आठवड्यात एक दिवस पोळ्या करताना ध्यानात आलं की आज भिंत धरली नव्हती. हिचा परिणाम सहा ते बारा आठवड्यांनी दिसतो, तोवर टाचेचे व्यायाम सुरूच ठेवायचे, म्हणजे मला कशानं बरं वाटलं, ठोक्यांनी का पायरीनं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, दोन्हीनं असंल. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, आमच्या शाळेतल्या एका मॅडमना काहीच फरक पडला नाही. गरोदर बाई, रक्त पातळ करायच्या गोळ्या असणारे, रक्त न गोठण्याचा आजार, त्या जागी जंतुसंसर्ग किंवा गाठ, वाढत्या वयातली लेकरं, यांना करत नाहीत. पेसमेकर असंल तर आधी सांगायचं. आणि नुकतंच स्टिरॉइड घेतलेलं असंल तर साधारण दीड महिना थांबवतात.

तिसरी पीआरपी. ही आमच्या भाऊजींनी केली, सेलूकडं शेती, कापसात दिवसभर उभं. आपल्याच हातातून २०-३० मिली रक्त काढतात, डेअरीवर फॅट बघायला दुधाच्या नळ्या फिरवतात तशा मशीनमधे फिरवतात, लाल पेशी खाली बसतात आणि प्लेटलेटवाला पिवळसर भाग वेगळा काढून सोनोग्राफीत बघत तो पट्ट्यात सोडतात. तुमचंच रक्त म्हणून ॲलर्जीची भीती जवळपास नाही. पण स्टिरॉइडसारखं दुसऱ्या दिवशी पळायला लागत नाही, उलट पहिले दोन तीन दिवस जास्त ठणकतं, भाऊजी फोनवर शिव्या घालायले मला. फरक महिना दोन महिन्यांनी. स्टिरॉइडशी लावून बघितलेल्या बऱ्याच अभ्यासांत सुरुवातीला स्टिरॉइड पुढं आणि सहा महिन्यांनंतर पीआरपी पुढं असं दिसलंय, सगळ्या अभ्यासांत नाही. हिच्या आधी आठवडाभर आणि नंतर थोडे आठवडे सूज उतरवणाऱ्या पेनकिलर बंद असतात. पण हार्टसाठीची ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, ते हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच. रक्त कुठं फिरवतात, सुई नवीन आहे का, सोनोग्राफी लावणार का, हे तीन प्रश्न विचारायला लाजू नका.

या पुढचं फार थोड्यांना लागतं, म्हणून थोडक्यात. एक आहे बारीक सुईसारखं यंत्र, जागा बधिर करून काही मिलिमीटरच्या छेदातून आत घालतात, त्याचं टोक अल्ट्रासाउंडच्या वेगानं थरथरतं, पट्ट्याचा सडका भाग फोडतं आणि ओढून घेतं. टाका लागत नाही बहुधा. दुसरं रेडिओफ्रीक्वेन्सी, सुईच्या टोकानं टाचेजवळच्या बारीक नसेला उष्णता देतात म्हणजे दुखण्याचा निरोप वर जात नाही, पट्टा मात्र त्यानं दुरुस्त होत नाही. आणि तिसरं दुर्बिणीतून, एक सेंटिमीटरच्या आतल्या छेदातून कॅमेरा घालून पट्ट्याचा आतल्या बाजूचा काही भाग कापून सैल करतात. तो अर्ध्यापेक्षा जास्त कापला तर कमान बसते आणि पायाची बाहेरची बाजू दुखायला लागते, म्हणून "किती कापणार" हे विचारायचं. दुर्बिणीनंतर काही आठवडे वेगळा बूट घालावा लागतो, फरशीवर सहा तास उभं राहायच्या नोकरीवर लगेच जाता येत नाही, रजेचा हिशोब आधी लावा. काही जणांची पोटरी इतकी आखडलेली असते की डॉक्टर टाच सोडून वर पोटरीचीच शीर सैल करायचं सुचवतात, ऐकायला उलटं वाटतं पण त्यात अर्थ आहे.

डॉक्टरसमोर बसल्यावर

एक्सरे, जुनी चिठ्ठी, किती सुया झाल्या तो कागद, शुगरचा रिपोर्ट आणि रोज घालायची चप्पल, हे सगळं पिशवीत घेऊन जा. हसू नका, चप्पल खरंच न्या, तिची टाच कुठून झिजली त्यावरून त्यांना कळतं. विचारायचं असं की हे फॅशियाचंच आहे हे कशावरून, सोनोग्राफीत जाडी किती, तुम्ही जे सांगताय ते सगळं मिळून किती बैठकांत आणि एकूण किती पैसे. एका बैठकीचा रेट सांगतात आणि पाच बैठका होतात, म्हणून एकूण विचारा. सरकारी मेडिकल कॉलेज लातूरला आहे, आंबाजोगाईला आहे, नांदेडला आहे, संभाजीनगरला घाटी आहे. तिथं हाडाची ओपीडी आणि फिजिओ दोन्ही एका छताखाली मिळतात, रांग आहे पण व्यायाम नीट शिकायला पहिली चक्कर तिथंच मारली तरी चालतं. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, कार्ड सोबत ठेवा. आणि पहिल्याच भेटीत, पोटरीला हातसुद्धा न लावता, एक्सरेतलं टोक दाखवून "हे काढावं लागंल" म्हणलं तर फाईल घ्यायची आणि दुसरीकडं दाखवायचं.

सुई कुठलीही घ्या, त्या दिवशी सोबत माणूस न्या आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका, उजवा पाय असंल तर पायाचा ब्रेक दाबवत नाही. पहिले दोन दिवस पाय जपायचा, मग सपाट जागेवर थोडं थोडं चालायचं, बोटं ओढायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून, पायरीवरचा दोन तीन आठवड्यांनी. ऊसतोड, कापूस वेचणी, लांबची पायी वारी, हे निदान दीड दोन महिने नको. शुगरवाल्यांनी रोज रात्री तळपाय आरशात बघायचा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगायचा. आणि सुईनंतर ताप आला, टाच लाल होऊन तापली, पू किंवा पाणी यायला लागलं, पोटरी एका बाजूची सुजून दुखायला लागली, किंवा चालताना कटकन आवाज होऊन तळव्यात निळं पडलं, तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी गाडी धरा.